मुंबई–न्यूयॉर्क : जाण्याची वेळ वेगळी, येण्याची वेगळी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या प्रवास पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे जे सदर प्रसिद्ध होते, त्यात नुकताच एका वाचकाने मुंबईपासून न्यूयॉर्क किती लांब आहे आणि विमानाला तेथे पोचायला किती वेळ लागतो, असे विचारले होते. उत्तरात अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आणि वेळ सुमारे १४ तास असे छापले आहे. अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडा मात्र त्या अंतराला ताशी ९०० किलोमीटर या वेगाने भागून काढलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात मुंबईहून निघालेले विमान त्या वेळेत न्यूयॉर्कला पोचत नाही. थेट विमानालाही जाताना साधारण सोळा तास लागतात, कधी त्याहून जास्त. येताना मात्र तेच विमान चौदा-साडेचौदा तासांत मुंबईला उतरते. दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी जी पाने इंटरनेटवर आहेत, त्यांतील बहुतेकांवर हाच भागाकार केलेला असतो. त्या पानांवर यंत्र हिशेब करते, म्हणून ते समजण्यासारखे आहे. वर्तमानपत्राकडून मात्र वाचकाची अपेक्षा अधिक असते, आणि मुलांकडे अमेरिकेला निघालेली आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी असे कात्रण जपून ठेवून त्यावर भरवसा ठेवतात. मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवला आहे. या विषयाबद्दल मनापासून आस्था असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम अंतराविषयी. छापलेले १२,५४० किलोमीटर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर आहे. ते कसे मिळते हे पाहण्यासाठी शाळेतला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणि एक साधा दोरा पुरतो. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणला, की त्याची लांबी जवळजवळ साडेएकोणतीस सेंटिमीटर भरते. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, त्यामुळे हिशेब नेमका जुळतो. वर्गातील मुलांना आश्चर्य वाटते ते दोरा कुठून जातो याचे. न्यूयॉर्क पश्चिमेला आहे म्हणून दोरा अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेकडे जाईल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो मुंबईहून निघताच उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकून चढू लागतो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, थेट मॉस्को, मग सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढे आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, कॅनडातील लाब्राडोर आणि शेवटी अमेरिकेच्या मेन राज्यावरून उतरत तो न्यूयॉर्कला पोचतो. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षवृत्तापर्यंत जातो, म्हणजे मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क ४१ अंशांखाली असताना त्या दोघांना जोडणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी खाली जाऊन येते.

यालाच बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. भिंतीवरच्या मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर याच दोन शहरांमध्ये पट्टीने रेघ मारली, तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये शिरते. नकाशावर ती सरळ दिसते, पण त्या रेघेवरून विमान नेले तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर उडावे लागेल, म्हणजे दोऱ्याने दाखवलेल्या वाटेपेक्षा सोळा-सतराशे किलोमीटर जास्त. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरली की उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात आणि तिकडची जवळची वाट लांबची भासू लागते. विमान ‘उगाच वर उत्तरेकडून वळसा घालून’ नेतात, अशी तक्रार अनेक प्रवासी आसनापुढच्या पडद्यावरचा नकाशा पाहून करतात. तिचे मूळ या नकाशाच्या सवयीत आहे.

आता मुख्य अडचण अशी, की दोऱ्याची ही वाट कागदावर कितीही जवळची असली तरी आज ती उडण्यासाठी मोकळी नाही. प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश ही त्या देशाची हद्द असते आणि तेथून जाऊ द्यायचे की नाही हे तो देश ठरवतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले, आणि त्यानंतर ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली गेली. दोऱ्याचा पहिलाच देश असा वगळला जातो. त्यापुढच्या अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मधील सत्तांतरानंतर विमानांना मार्गदर्शन करणारी नियंत्रण व्यवस्था कोलमडली. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. भारतीय कंपन्यांना ती मनाई नाही, पण त्या आकाशातून जाण्यात काय धोका असू शकतो हे जून २०२३ मध्ये दिसले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या लहान शहरात उतरवावे लागले होते आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी मुंबईहून दुसरे विमान तेथे पाठवावे लागले होते. इराण आणि इराकच्या आकाशाचीही शाश्वती नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यातील संघर्षाच्या दिवसांत आखातातील वाहतूक अनेकदा ठप्प झाली किंवा दुसरीकडे वळवली गेली.

परिणामी मुंबईहून निघालेले विमान आधी अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे जाते, मग आखात, तुर्कस्तान, युरोप अशी वाट धरते आणि त्यानंतर अटलांटिक ओलांडते. त्या दिवशी कोणते आकाश मोकळे आहे यानुसार ही वाट थोडीफार बदलते, पण प्रत्यक्ष उडायचे अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर होते असे धरायला हरकत नाही. मुंबईच्या बाबतीत हा वळसा तुलनेने सुसह्य आहे, कारण मुंबई समुद्राला लागून आहे. दिल्लीची स्थिती याहून बिकट आहे. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी नैऋत्येकडे गुजरातपर्यंत खाली यावे लागते, आणि तेथून समुद्रावर जाऊन मग खरी वाट सुरू होते. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आकाश बंद केले आणि ते १६ जुलै २०१९ रोजी उघडले. त्या साडेचार महिन्यांत दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन घ्यावे लागले, तर इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला दोह्याला थांबावे लागले. शहरे जागची हलली नव्हती, अंतराच्या कोष्टकात एक किलोमीटरचाही फरक पडला नव्हता, तरी प्रवास कित्येक तासांनी लांबला होता.

हा प्रकार नवा नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेऊन पुढे जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. त्यामुळे कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षीच्या पुढच्या घडामोडींमध्ये, म्हणजे बांगलादेशच्या युद्धात, या वळशाला किती महत्त्व होते, हे ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

हवाई हद्दीपेक्षाही प्रवासाच्या वेळेवर अधिक परिणाम करणारी आणि आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे वारा. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो. ती हवा स्वतः स्थिर नसते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जेथे ही विमाने उडतात, मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अत्यंत वेगवान वारे असतात, त्यांना आपण जेट प्रवाह म्हणतो. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर हा तेथला नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात तो दोनशेच्या, कधी तीनशेच्याही पुढे जातो. प्रवाहाविरुद्ध वल्हवत निघालेल्या होडीसारखी पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाची गत होते. आसनापुढच्या पडद्यावर जे आकडे सतत फिरत असतात, त्यांत जमिनीच्या तुलनेतला वेग दिलेला असतो. न्यूयॉर्ककडे जाताना तो ताशी ८००, कधी ७५० इतका खाली गेलेला दिसतो आणि परतताना हजाराच्या वर चढतो. इंजिने दोन्ही वेळा सारखेच काम करत असतात.

या वाऱ्यांचा शोध कसा लागला हे शाळेत शिकवायला मला नेहमी आवडले. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून त्यांच्या गतीवरून वरच्या थरातील वाऱ्यांचे वेग मोजले. आपला अहवाल जगाने वाचावा म्हणून त्यांनी तो एस्पेरान्तो या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला, आणि ती भाषा जाणणारे फारच थोडे असल्याने तो जगापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेची बी-२९ विमाने जपानवर फार उंचावरून जाऊ लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव आला. आपल्या देशाचेही या विषयात मोठे योगदान आहे. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावर पंधरा किलोमीटरांच्या आसपास उलट्या दिशेचा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो, याचे सविस्तर विवेचन भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. जून ते सप्टेंबर या काळात उत्तर भारतावरचा पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि आपल्याकडे वर पूर्वेचे वारे येतात; हिवाळ्यात तोच पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला येऊन बसतो आणि पश्चिमी झंझावात आपल्याकडे आणतो. त्यामुळे जानेवारीत मुंबईहून पश्चिमेकडे जाण्याचा प्रवास जुलैतील प्रवासापेक्षा सहसा लांबतो. आपल्या सदरात वेळ सांगताना महिन्याचा उल्लेख का हवा, त्याचे हे कारण.

वाऱ्याचे सामर्थ्य किती असते याचे गाजलेले उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. उत्तर अटलांटिकवर ‘किआरा’ नावाचे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला की काय, असे तेव्हा अनेकांनी विचारले. तसे नव्हते, भोवतालची हवाच वेगाने पुढे जात होती आणि त्या हवेत विमान आपल्या नेहमीच्या वेगाने उडत होते. अटलांटिकवरील वाटा तर रोज नव्याने आखल्या जातात. कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचे शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे त्या दिवसाचा वारा पाहून दिवसा पश्चिमेकडे आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांसाठी वेगवेगळे मार्ग ठरवतात. पश्चिमेकडच्या मार्गांनी वाऱ्याचा मुख्य झोत टाळायचा आणि पूर्वेकडच्या मार्गांनी तोच झोत पकडायचा, असा तो बेत असतो. म्हणून जाण्याची आणि येण्याची वाटसुद्धा एक नसते.

येथे एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती सुशिक्षित मंडळींतही घट्ट रुजलेली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला वेळ कमी-जास्त लागतो, असे कारण सर्रास सांगितले जाते. मुंबईच्या अक्षवृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा फिरण्याचा वेग ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर आहे. तो जर विमानाच्या प्रवासात थेट मिळवावा किंवा वजा करावा लागत असता, तर विमानाला हवेत नुसते तरंगत राहूनही अरबी समुद्र पार करता आला असता. तसे होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडते. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो आडून: तिच्या परिवलनामुळे आणि विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानातील फरकामुळे हे पश्चिमी वारे निर्माण होतात, आणि विमानाच्या वेळेत फरक पाडतात ते हे वारे. उत्तर-दक्षिण प्रवासात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या मराठी बांधवांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असलेले मॉरिशस मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. तेथे जायला आणि तेथून यायला साधारण सहा-सहा तास लागतात.

वारा जाताना जेवढा वेळ खातो तेवढा येताना परत करतो, म्हणून सरासरी काढली की हिशेब बरोबर येतो, असेही कोणी म्हणेल. तेही खरे नाही. तेरा हजार किलोमीटरांचा पल्ला ताशी ९०० ने उडाला तर १४ तास २७ मिनिटे लागतील. सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर १५ तास ५१ मिनिटे लागतील, म्हणजे १ तास २४ मिनिटांचा तोटा. तोच वारा पाठीमागून असेल तर १३ तास १६ मिनिटे लागतील, म्हणजे फायदा १ तास ११ मिनिटांचाच. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त काळ अडकलेले असते आणि पाठच्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडते, म्हणून दोन्ही फेऱ्या मिळून तेरा मिनिटांचे नुकसान राहतेच. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला सोडवता येईल असे हे गणित आहे, आणि शाळांमधून ते जरूर घ्यावे.

या तोट्याची किंमत इंधनात मोजली जाते. या मार्गावर वापरले जाणारे बोइंग ७७७ जातीचे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळते. दीड तास वाढला की दहा-बारा टन इंधन जास्त, आणि ते सगळे मुंबईहूनच भरून न्यावे लागते; शिवाय ते वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. हिवाळ्यात वारा फार जोराचा असेल तर माल कमी घ्यावा लागतो, प्रसंगी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा मध्येच कोठे उतरावे लागते. तिकिटाचे भाडे का वाढते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे. एके काळी मात्र थांबे घेणे हाच नियम होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोचले. १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ घेऊन कंपनीने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा विमान २००७ साली सुरू झाले. जेथे लंडनलाच दोन दिवस लागत, तेथे साठ वर्षांच्या आतबाहेर न्यूयॉर्क सोळा तासांवर आले, ही मोठीच मजल आहे. पण ती सोळा तासांची आहे, चौदाची नव्हे.

वेळ कोठून कोठपर्यंत मोजायची, हाही प्रश्न आहे. तिकिटावर छापलेली वेळ विमान दरवाजा बंद करून जागेवरून हलते तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन उभे राहते तेव्हा संपते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे आणि उतरल्यावर पुन्हा सरकत येणे हे सगळे येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी रांग लांबते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर संध्याकाळी उड्डाणापूर्वी अर्धा-पाऊण तास सरकत राहणे नवलाचे नाही. हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ यांत या कारणाने सहज अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असतो, आणि सदरात दिलेला आकडा यांपैकी कशाचा होता हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

घड्याळांतील फरक आणखी गोंधळ घालतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चमधील दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेनऊ तासांचा होतो. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री दीड वाजता निघाले आणि सोळा तासांनी पोचले, तर न्यूयॉर्कला त्याच दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतील. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी साडेपाच तास येते. परत येताना तेथून सकाळी साडेअकराला निघाले आणि साडेचौदा तासांनी उतरले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि वजाबाकी पंचवीस तास येते. हे दोन्ही आकडे पाहून घाबरलेले किंवा निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. मैलांचाही असाच घोळ आहे. हेच अंतर साधारण ७,७९० मैल होते. वैमानिक ज्या सागरी मैलांत मोजतात, त्यांत ते सुमारे ६,७७० भरते, कारण सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. दोन्ही आकडे नुसते ‘मैल’ म्हणून छापले गेले की वाचक चक्रावतो.

इतक्या बारकाव्यांची वाचकाला काय गरज, असे आपणांस वाटेल. गरज आहे, आणि ती मुख्यतः वयस्कर प्रवाशांची आहे. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर येथून न्यू जर्सीतील मुलाकडे किंवा मुलीकडे बाळंतपणासाठी वा नातवंडांसाठी जाणारे आई-वडील बहुधा साठी-सत्तरीतले असतात. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, इन्सुलिन, जवळ ठेवायचे खाणे, हे सारे प्रवासाच्या तासांवर अवलंबून असते. माझ्या परिचयातील एका मधुमेही गृहस्थांनी चौदा तास धरून आपले औषध आणि खाणे आखले होते. वाऱ्यामुळे आणि उतरल्यावर जागा मिळेपर्यंत थांबावे लागल्यामुळे ते सतरा तासांहून अधिक काळ आसनावर होते. शेवटच्या टप्प्यात त्यांना घाम सुटून हातांना कंप सुटला, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने आपल्या पिशवीतली राजगिऱ्याची वडी दिली आणि विमानातील सेविकेने साखर घातलेला फळांचा रस आणून दिला. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे घड्याळाकडे पाहून इन्सुलिन घेणे धोक्याचे ठरू शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना प्रवासाचे खरे तास सांगून वेळापत्रक लिहून घ्यावे लागते. ते खरे तास त्यांना आपल्यासारख्या विश्वासाच्या ठिकाणाहून मिळाले पाहिजेत.

पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसाच्या बाबतीत मुळात तो कमी असतो, सहा हजारांत एक एवढा. पण ज्यांना आधीच हृदयविकार आहे, शस्त्रक्रिया झालेली आहे किंवा वजन जास्त आहे, त्यांनी दर तास-दीड तासाने उठून चालणे आणि पाणी पीत राहणे आवश्यक असते. सोळा तास बसायचे आहे हे आधी माहीत असेल तर मनाची आणि शरीराचीही तयारी होते. काहीजण विचारपूर्वक युरोपात किंवा आखातात थांबा घेणारे विमान निवडतील, जरी त्यात एकूण वेळ जास्त लागला तरी. पुढचे जोडविमान पकडायचे असेल किंवा मुलाला कामावरून सुटी घेऊन विमानतळावर यायचे असेल, तर तेथेही दोन तासांच्या फरकाने मोठी ओढाताण होते.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या सदरात दोन दूरच्या शहरांमधील अंतर आणि वेळ देताना ती अशा स्वरूपात द्यावी: ‘मुंबई–न्यूयॉर्क, जमिनीवरून सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर, सध्याच्या मार्गाने प्रत्यक्ष उड्डाण सुमारे १३,००० किलोमीटर, थेट विमानाने तिकिटावरील वेळ जाताना साधारण १६ तास, येताना साधारण साडेचौदा तास, हिवाळ्यात जाताना अधिक.’ त्यापुढे ही माहिती कोणत्या महिन्यातली आहे तेही लिहावे, कारण एखादे आकाश बंद झाले किंवा उघडले की आकडा जुना होतो. यासाठी दोन ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही. थेट विमान नसलेल्या शहरांच्या बाबतीत, उदाहरणार्थ नागपूर–शिकागो किंवा गोवा–टोरंटो, थांब्यावरचा वेळ धरून एकूण तास द्यावेत; नुसता हवेतला वेळ तेथे काहीच उपयोगाचा नाही.

ही माहिती मिळवणे अवघड नाही. विमान कंपन्यांची वेळापत्रके सर्वांना पाहता येतात, आणि विमानांचा प्रत्यक्ष माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर गेल्या आठवड्यातील रोजचे विमान किती वाजता उडाले आणि किती वाजता टेकले, हे कोणीही पाहू शकते. सात दिवसांच्या वेळा लिहून त्यांतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन वेळा छापल्या तरी वाचकाला भागाकारापेक्षा खूप अधिक कळेल. आगामी अंकात त्या उत्तराची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही आग्रहाची विनंती. ज्यांनी कात्रण काढून ठेवले आहे, त्यांतील काहीजण येत्या डिसेंबरात निघणार असतील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा